फॅलेनॉप्सिसच्या दांडीवर पिल्लू आलंय, आत्ता कापू की पावसाळ्यापर्यंत थांबू? (जळगाव)

मंडळी, मदत हवी आहे.

माझ्याकडे पूर्वेच्या खिडकीत फॅलेनॉप्सिस आहे, मॉथ ऑर्किड म्हणतात ते. फुलं गळाली तरी दांडी हिरवीगार होती, म्हणून ठेवली. आता तिच्या वरच्या पेरावर पिल्लू फुटलंय. दोन पानं नीट, तिसरं डोकावतंय. मुळं मात्र अजून बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाहीत.

घोर उन्हाचा आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो आणि हवेत ओल नावाला नसते. नर्सरीवाला म्हणतो, कापा आणि कोकोपीटमध्ये लावा. मला ते पटत नाही. हे झाडांच्या खोडावर वाढणारं ऑर्किड, मुळांना हवा हवी. ओल्या कोकोपीटमध्ये ती कुजणारच. मोठं झाड पाइनची साल आणि लोणारी कोळशात छान आहे. रावेरचे भाऊजी तर म्हणतात, केळीचा मुनवा काढतो तसं काढून टाका!

कूलरजवळ ठेवलं तर चालेल का? बोअरचं पाणी इतकं जड आहे की भांड्याला पांढरा थर धरतो, ते घालू का?

प्रतिसाद (धुळे):

ताई, थांबा. मुळं ५-७ सेंमी होऊ द्या, म्हणजे जुलै-ऑगस्टची दमट हवा आपोआप मिळेल. तोवर दांडीतून मोठं झाडच त्याला पोसतं. भाऊजींना सांगा, केळीला जमिनीत कंद असतो, मुनव्याला स्वतःची मुळं फुटतात. इथे तसं नाही.

आधी मोठ्या झाडाचा मधला कोंब बघा. तिथे पाणी साचून कुजला असेल, तर झाड जाता जाता पिल्लू देतं. कोंब टणक असेल तर काळजी नको, नुसत्या उकाड्यानेही कळ्यांऐवजी पिल्लू येतं.

कूलर त्याच खोलीत चालेल, झोत अंगावर नको. बोअरचं पाणी नकोच, क्षार मुळांवर बसतात. आरओचं द्या, सकाळीच, आणि मुळं चंदेरी दिसली की मगच. हिरवी असतील तर अजून ओल आहे.

कापताना ब्लेड गॅसवर तापवून घ्या, पिल्लाच्या दोन्ही बाजूंना इंचभर दांडी ठेवा. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या जागी, मुळांना अजिबात नको, ती सुकवते.

आणि डिसेंबरात रात्री खिडकी लावून घ्या. रात्रीचा थोडा गारवा दांडी यायला लागतो, पण आपल्याकडे पारा १० च्या खाली जातो, तेवढं ह्याला सोसत नाही.