क्लायंटचं दुःख घरी नेलं, तर दोष समुपदेशकाचा?

पाऊलवाट: इथे कोणीतरी लिहिलंय, "क्लायंटचं दुःख घरी नेणाऱ्याने या पेशात येऊ नये. ध्यान, व्यायाम, झोप सांभाळली की पुरे." वाचून राहवलं नाही. अत्याचाराच्या हकिगती सतत ऐकल्या की माणसांवरचा विश्वासच हलतो, हे मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच मांडलं. बोबर आणि रेगेर या संशोधकांच्या २००६ च्या समुपदेशकांच्या पाहणीत स्वतःच्या काळजीला जास्त वेळ देणाऱ्यांचा त्रास कमी आढळला नाही. त्रास वाढत होता तो आठवड्याला ट्रॉमाच्या, म्हणजे मानसिक आघाताच्या, केसेसचे तास वाढले की. केसेस वाटून घ्या, एवढं साधं आहे.

काजवा: पोस्ट माझी आहे. अनेक वर्षं हेच काम करतोय. नोंदी लिहिल्या, वही मिटली, विषय संपला. एका पाहणीने माझा अनुभव खोटा ठरत नाही.

निशिगंध: केसेस वाटणार कोण? आमच्याकडे माणसंच नाहीत. सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशकासोबत आपल्या केसेसवर बोलायला, बसलं की फॉर्म पूर्ण भरले का, एवढंच विचारतात. बाहेरची सुपरव्हायजर शोधली, तिची फी मी भरते.

काजवा: त्याच पाहणीत सुपरव्हिजनच्या वेळेनेही फरक दिसला नव्हता. हे का गाळलंत? आणि स्वतःच्या शिक्षणावर खर्च करायला एवढी कुरकुर कशाला?

निशिगंध: शिक्षण? एका लहान मुलीची केस ऐकल्यापासून मी माझ्या लेकीला शेजारीसुद्धा पाठवत नाही. गोपनीयतेमुळे नवऱ्याशीही बोलता येत नाही. आणि तुम्ही मला कुरकुर म्हणताय?

सावली: जो माझं मूल्यमापन करतो, बढती ठरवतो, त्याच्यासमोर "मला झेपत नाही" म्हणायची माझी हिंमत होत नाही. असलं सुपरव्हिजन कितीही तास दिलं तरी फरक कसा पडेल? सुपरव्हायजर आणि साहेब ही दोन वेगळी माणसं हवीत.

पाऊलवाट: काजवा, मानसिक आजारांच्या निदानाचं जे मार्गदर्शक पुस्तक आहे, त्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये कामाच्या निमित्ताने असे भीषण तपशील वारंवार समोर येणं हेही पीटीएसडीच्या, म्हणजे आघातानंतर होणाऱ्या मानसिक विकाराच्या, निकषात आहे. हा स्वभावाचा कमकुवतपणा नाही.

काजवा: बरं. सुपरव्हिजन संस्थेच्या पैशाने, कामाच्या वेळेत आणि बाहेरच्या व्यक्तीकडून हवं, एवढं मान्य. पण ध्यानाला नावं ठेवू नका, मला त्याने झोप लागते.

निशिगंध: लागू दे की. "पेशात येऊ नये" हे वाक्य तेवढं काढा. शिकणारी मुलं ते वाचतात आणि त्रास लपवतात.

काजवा: वाक्य काढणार नाही. खाली सुपरव्हिजनचा मुद्दा जोडतो.