तमालपत्राची पानं कडेने करपतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात पश्चिमेच्या बाल्कनीत १२ इंची कुंडीत तमालपत्राचं झाड आहे, दोन वर्षांचं. मध्ये गुलाबीसर कोवळी पालवी फुटली तेव्हा शेजारणींना बोलावून दाखवून झालं! आता एप्रिलमध्ये पानांच्या कडा टोकाकडून तपकिरी, कुरकुरीत होतायत. पाणी रोज देते. बोट खुपसलं तर वर कोरडं, दोन पेरं खाली नुसता चिखल. दुपारचं ऊन बाधतंय की मुळं गुदमरतायत? कुंडी आत्ताच बदलू की पावसापर्यंत थांबू?

आणखी एक शंका. पानावर देठापासून तीन ठळक शिरा आहेत, पण दालचिनीच्या पानालाही तशाच असतात ना? चुरगळलं की लवंगेसारखा वास येतो. नर्सरीवाल्याने दालचिनीच गळ्यात मारली की काय? सासूबाई म्हणतात, मसालेभातात टाक, कळेल.