टी२ वर पाण्यासारखं पांढरं दिसतंय: ‘निरुपद्रवी’ कधी लिहायचं?

प्रश्न
रेडिओलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डोकेदुखीसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये टी२ वर (पाणी पांढरं दाखवणारी प्रतिमा) पांढऱ्या दिसणाऱ्या दोन गोष्टी सारख्या भेटतात: मिडल क्रेनियल फॉसातली (कवटीच्या तळाचा मधला खळगा) पाण्याची गाठ आणि बेसल गँग्लियातले (मेंदूच्या खोल भागातले पेशीसमूह) बारीक ठिपके. रिपोर्टात ‘निरुपद्रवी’ लिहिण्याआधी नेमकं काय पाहायचं?

उत्तर १
टी२ वरून निकाल देऊच नका. फ्लेअर (साधं पाणी काळं करणारी प्रतिमा), डिफ्यूजन (पाण्याची हालचाल अडली की झळकणारी) आणि एडीसी (त्या हालचालीचं मोजमाप दाखवणारा नकाशा) शेजारी शेजारी लावा. अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट (मेंदूच्या आवरणातली पाण्याची गाठ) या प्रत्येक प्रतिमेत सीएसएफसारखीच (मेंदूभोवतीच्या पाण्यासारखी) वागते: फ्लेअरवर पूर्ण काळी, डिफ्यूजनवर काळी, एडीसीवर पांढरी. एपिडर्मॉइड (त्वचेसारख्या पेशींची गाठ, टी२ वर तशीच दिसणारी) फ्लेअरवर मळकट राहतो आणि डिफ्यूजनवर झळकतो. शिवाय सिस्ट वाहिन्यांना बाजूला ढकलते, तर एपिडर्मॉइड त्यांना वेढत फटीफटीतून शिरतो.

एक फसगत मात्र नेहमीची. प्रीपाँटाइन सिस्टर्नमध्ये (मेंदूच्या देठासमोरची पाण्याची जागा) सीएसएफच्या प्रवाहामुळे फ्लेअरवर खोटा पांढरेपणा येतो. तिथे डिफ्यूजनचं ऐका.

उत्तर २
ठिपक्यांचं सांगतो. पुटामेनच्या (बेसल गँग्लियाचा एक भाग) खालच्या भागात, अँटेरियर कमिशरच्या (मेंदूचे दोन अर्ध जोडणारा तंतूंचा पट्टा) आसपास, दोन्ही बाजूंना, सहसा ३ मिमीच्या आत, फ्लेअरवर काळे आणि भोवती कड नाही: असे ठिपके म्हणजे रक्तवाहिन्यांभोवतालच्या साध्या जागा. वाहिनीच्या दिशेने काप आला तर रेषा दिसते, आडवा आला तर गोल. लॅक्यून (जुन्या छोट्या स्ट्रोकने पडलेली पोकळी) साधारण ३ ते १५ मिमी, आणि फ्लेअरवर बहुधा पांढरी कड. बहुधा म्हणतोय, कारण कड नसलेले लॅक्यूनही असतात. उलट अँटेरियर कमिशरखालची साधी जागा कधी १ सेंमीच्याही वर जाते. म्हणून नुसती मोजपट्टी लावू नका, ठिकाण आणि आकारही बघा.

प्रश्नकर्ता
म्हणजे डिफ्यूजनवर झळकलं की काळजीचं?

उत्तर १
तसंही नाही. वयस्कांत लॅटरल व्हेंट्रिकलच्या (मेंदूतली पाण्याची पोकळी) एट्रियात (तिचा मागचा रुंद भाग), कोरॉइड प्लेक्ससमध्ये (सीएसएफ तयार करणारं जाळं) दोन्हीकडे झळकणाऱ्या छोट्या गाठी म्हणजे बहुतेक वेळा झँथोग्रॅन्युलोमा, म्हणजे निरुपद्रवी गाठी. सोडून द्या.

उत्तर ३
रिपोर्टात फक्त ‘सिस्ट’ लिहून थांबू नका, रुग्ण घाबरून तीन डॉक्टर फिरतो. माप, जागा, मास इफेक्ट (आजूबाजूच्या मेंदूवर दाब) आहे की नाही, हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी साठणं) आहे की नाही, हे लिहा. मिडल फॉसाची अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट असेल तर शेजारी सबड्यूरल (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखालचं) रक्त नाही ना, हे मुद्दाम तपासा. किरकोळ माराने तिथे रक्तस्राव होऊ शकतो.