राष्ट्र रणांगणावर घडते की घटनेत?

तापीकाठ (यावल): आमच्या शेजारच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि नेहरूंच्या अध्यक्षतेखाली तेथे प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटना समितीची मागणी झाली, हे ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. परवा वाचनालयात एक निवृत्त सुभेदार काका म्हणाले, की राष्ट्र रणांगणावर घडते, घटना नंतर लिहिली जाते. आणि त्यांनी जर्मनीचा दाखला दिला. मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

पांझरेकाठचा धुळेकर: काकांचा दाखला खोटा नाही. प्रशिया या जर्मन राज्याने लढलेल्या १८६४, १८६६ आणि १८७०–७१ अशा तीन युद्धांच्या ओघात, १८ जानेवारी १८७१ रोजी, फ्रान्सच्या व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. पण त्याआधीचे पाहावे. १८६२ पासून प्रशियाच्या विधिमंडळाने लष्करी खर्चाला मंजुरी नाकारली असता तिथला पंतप्रधान बिस्मार्क याने अर्थसंकल्पाविनाच पैसा खर्च केला, आणि १८६६ च्या विजयानंतर त्याच विधिमंडळाने तो सारा खर्च मागाहून मंजूर केला. विजयाच्या अभिमानात नियमभंग माफ झाला. पुढे साम्राज्याच्या घटनेतही चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, संसदेच्या विश्वासावर नव्हे, तर सम्राटाच्या मर्जीवर टिकत असे.

अमळनेरचा एक शिक्षक: मला जपानचे उदाहरण अधिक बोलके वाटते. १८८९ च्या घटनेने सैन्याचे सर्वोच्च आधिपत्य थेट सम्राटाकडे दिले, त्यामुळे सेनापती मंत्रिमंडळाला बांधील राहिले नाहीत. त्यात १९०० मध्ये असा नियम झाला, की लष्कर आणि नौदल या खात्यांचे मंत्री सेवेत असलेले अधिकारीच असावेत. १९१३ मध्ये तो सैल झाला आणि १९३६ मध्ये पुन्हा घट्ट झाला. वरवर पाहता ही कारकुनी बाब वाटते, परंतु लष्कराने आपला मंत्री काढून घेतला आणि दुसरा दिला नाही, की सरकारच पडत असे. जुलै १९४० मध्ये पंतप्रधान योनाई यांचे मंत्रिमंडळ नेमके असेच गेले. राष्ट्राभिमान तर अनेक देशांत होता, पण त्याला आवर घालणारे दारच जपानच्या नियमांनी बंद करून ठेवले होते. पराभवानंतर ३ मे १९४७ पासून लागू झालेल्या घटनेत युद्धाचा त्याग करणारे नववे कलम सर्वांना ठाऊक असते. मंत्री नागरी व्यक्तीच असावेत, हे सहासष्टावे कलम मात्र क्वचितच आठवले जाते. मला तेही तितकेच मोलाचे वाटते.

धरणगावकर: आपल्याकडेही पाहावे. चीनच्या आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली. लढाई महिन्याभरात थांबली, आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. १९७१ च्या युद्धातली आणीबाणी तर उठलीच नव्हती, तोच जून १९७५ मध्ये ‘अंतर्गत अशांतते’च्या नावाने दुसरी आली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्या शब्दांच्या जागी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय अनिवार्य केला आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही, असे ठरवले. ही दुरुस्ती शाळेत नीट शिकवली जात नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

तापीकाठ (यावल): सर्वांचे आभार. काकांना हे सारे वाचून दाखवले. जपानचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि मग सांगितले, की भरती होताना त्यांनी शपथ घेतली होती ती घटनेशी निष्ठेची. त्यांचा पुढचा प्रश्न असा आहे, की लढाई थांबल्यावरही १९६२ ची आणीबाणी पाच वर्षांहून अधिक काळ कोणत्या कारणांनी चालू ठेवण्यात आली. धरणगावकर यांनी यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.