मदत हवी आहे: तिसरीची वजाबाकी शिकवण्यासाठी मी स्वतः काय शिकू?

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते, तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. माझी पदवी कला शाखेची. डी.एड.ला गणित अध्यापनाचा पेपर पाठांतरावर सुटला होता.

अडचण अशी आहे. ५२ − २७ दिलं की तिसरीतल्या अकरापैकी सहा मुलं ३५ लिहितात. एककात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ७ मधून २ काढतात. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हे आपणच त्यांना कधीतरी सांगितलेलं असतं, तेच ती इमानेइतबारे पाळतात. काड्या दिल्या की हीच मुलं दहाचा एक गठ्ठा सुटा करून २५ बरोबर काढतात. वही उघडली की पुन्हा ३५. काड्यांवरून वहीवर कसं आणायचं, तिथे मी अडले आहे.

एका मुलीने वहीतही २५ लिहिलं, पण ५ चे ४ न करता. आजोबांची रीत: वरच्या २ चे १२ केले, खालच्या २ मध्ये हातचा मिळवून ३ केले, ५ मधून ३ गेले, उरले २. शेजारच्या मुलाने विचारलं, "बाई, खाली एक का वाढवला?" मला सांगता आलं नाही. रात्री कागद घेऊन बसले तेव्हा उमगलं. वर दहा सुटे दिले, खाली एक दशक दिला, म्हणजे दोन्ही संख्या दहाने वाढल्या आणि फरक तेवढाच राहिला. चौदा वर्षं वजाबाकी शिकवतेय, पण हे मला त्या रात्री कळलं. त्याचं फार वाईट वाटलं.

संख्यानामांचाही गुंता आहेच. सत्तावीस ऐकून ७२ आणि एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! माझ्या वर्गात त्याचा उपयोग झाला. मी दोन्ही म्हणून घेते.

दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचा पायाभूत संख्याज्ञानाचा कोर्स मी पूर्ण केला आहे. वस्तू, चित्र, मग चिन्ह हा क्रम त्यातून पक्का झाला, पण मूल मध्येच अडलं तर पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, ते अजून जमत नाही. यूट्यूबवरच्या झटपट क्लृप्त्या नकोत, सरावपत्रिकाही ढीगभर आहेत.

मला हवं आहे ते शिक्षकासाठीचं साहित्य: मुलांच्या खऱ्या चुका दाखवून त्यांच्यामागचा विचार उलगडणारं, मराठीत किंवा सोप्या हिंदीत. इंग्रजीही चालेल, फक्त मला वेळ लागतो. क्वेस्ट, नवनिर्मिती, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थांची नावं ऐकून आहे. यांच्याकडून तुमच्यापैकी कुणी गणित शिकवायला शिकलं आहे का? वर्गात गेल्यावर नेमकं काय बदललं? रविवारी ऑनलाइन भेटून मुलांच्या वह्या एकत्र बघणारा एखादा शिक्षकांचा गट असेल तर मला त्यात यायला फार आवडेल.

सोमवारी पुन्हा ५२ − २७ घेणार आहे. बाकीचं सावकाश सांगा, पण काड्यांवरून वहीवर आणायच्या त्या एका पायरीबद्दल कुणाला अनुभव असेल तर कृपया त्याआधी लिहा.