मदत हवी आहे: नेट रनरेट नक्की कसा काढतात? अर्जंट

टर्फवाला: सोसायटीची बॉक्स क्रिकेट टूर्नामेंट चालू आहे, आमच्या ग्रुपमधे तिघांनी एकेक मॅच जिंकलीय आणि सेमीला एकच टीम जाणार. मी रनरेट काढला तर आमचा प्लस १.३४ येतोय, आयोजक म्हणतात मायनस ०.०२ आणि ब विंगवाले प्लस ०.१३ वर पुढे! रात्री ८ ला सेमी आहे, पटकन सांगा

लेगबाय: स्कोअर कोण टाकणार? आम्हाला काय स्वप्न पडणारे?

कट्टेकरी: रनरेटच्या भानगडीत पडूच नका, आपसातली मॅच ज्याने जिंकली तो पुढे, विषय संपला

लेगबाय: अहो तिघांनी एकेक जिंकलीय, म्हणजे याने त्याला, त्याने तिसऱ्याला हरवलंय. आपसातलं काय डोंबल बघणार

टर्फवाला: ६ ओव्हरच्या मॅचेस. पहिली आम्ही ५८, ते ४९. दुसरी आम्ही ४.३ ओव्हरमधे ४१, ब विंगने ५ ओव्हरमधे ४२ मारले. म्हणजे आमचे ९९ रन भागिले १०.३ ओव्हर, वजा समोरच्यांचे ९१ भागिले ११. झालं ना बरोबर?

गणितमास्तर: ४.३ लाच का थांबलात? ऑलआउट?

टर्फवाला: हो, पण त्याचा काय संबंध

गणितमास्तर: तोच तर संबंध आहे! ऑलआउट झालात की पूर्ण ६ ओव्हर धरतात, नाहीतर लवकर गुंडाळलेल्या टीमचाच रेट वर जाईल. ९९ भागिले १२ म्हणजे ८.२५, समोरच्यांचा ८.२७. आला मायनस ०.०२. आणि ४.३ म्हणजे ४ ओव्हर ३ बॉल, साडेचार ओव्हर असतात हो, १०.३ ने कसले भागताय

चढाई: आमच्या कबड्डीत बरंय, बाद फेरीत बरोबरी झाली की ५-५ चढाया, तरी सुटलं नाही तर गोल्डन रेड, म्हणजे निर्णायक चढाई. कॅल्क्युलेटर लागत नाही

कट्टेकरी: २०१९ ची लॉर्ड्सची इंग्लंड-न्यूझीलंड वर्ल्डकप फायनल आठवा, दोघांचे २४१, सुपर ओव्हरलाही १५-१५, आणि इंग्लंडला कप कशावर तर चौकार-षटकार २६ विरुद्ध १७. आयसीसीने नंतर तो नियमच काढला. त्यापेक्षा २००७ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपसारखं बोल-आउट (मोकळ्या स्टंपवर बॉल टाकायचे) घ्या, डर्बनला भारताविरुद्ध पाकिस्तानचा एकही बॉल स्टंपला लागला नव्हता

लेगबाय: तीन टीममधे बोल-आउट??

टर्फवाला: पण लास्ट मॅन एकटा खेळणार असं आधी ठरलेलं आणि आमच्या शेवटच्याला खेळूच दिलं नाही, मग ऑलआउट कसे आम्ही?

गणितमास्तर: हे आत्ता सांगताय? मग भांडण रनरेटचं नाहीच, डाव अर्धवट थांबवल्याचं आहे. नियम व्हॉट्सॲपवर टाकलेले का? असतील तर स्क्रीनशॉट काढा आणि आयोजकांना आत्ताच गाठा, सेमी सुरू झाल्यावर कोणी ऐकणार नाही

चढाई: टर्फ कुठलंय बाय द वे, तासाला किती घेतात?