शब्दचर्चा : मेंदूतली 'अवघड जागा', 'विकृती' आणि गॅमा नाइफ

टाकबोरू
मुंबईतल्या एका रुग्णालयासाठी रुग्णांना द्यायची चार पानं मराठीत करतेय. विषय स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी, लोकांच्या तोंडी गॅमा नाइफ. सर्जनचा हात सुखरूप पोचणार नाही अशा जागी असलेल्या मेंदूतल्या गाठींवर आणि रक्तवाहिन्यांच्या दोषांवर बाहेरून किरण सोडतात, कवटी न उघडता.

जुना मराठी मसुदा हाताशी आहे. त्याचं पहिलंच वाक्य : 'मेंदूतील अवघड जागेच्या गाठींसाठी हा उपचार आहे.' अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर! हे वाचून कुणाचं लक्ष डोक्याकडे जाईल? 'दुर्गम' लिहावं तर एसटी न जाणारं गाव डोळ्यांपुढे येतं. 'खोलवरची' बरं वाटतं, पण अडचण दर वेळी खोलीचीच नसते. नजरेची नाहीतर ऐकण्याची नस गाठीला खेटून असते, तिला धक्का लागू द्यायचा नसतो.

दुसरा पेच 'रक्तवाहिन्यांची विकृती'. तिथल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, एका आईने सही करता करता पेन खाली ठेवलं. "माझ्या मुलात कसली विकृती?" मुलगा कॉलेजात जाणारा, फिट आली म्हणून एमआरआय काढला तर हे निघालं. तिचं काय चुकलं? पेपरात विकृत कोणाला म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे.

आडकित्ता
'गुंता' म्हणा. आजार तसाच आहे. एरवी रोहिणीतलं, म्हणजे हृदयाकडून येणाऱ्या वाहिनीतलं, रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जातं, तिथे त्याचा जोर उतरतो, मग ते नीलेत, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या वाहिनीत, येतं. इथे मधलं जाळंच नसतं. रोहिणीचं जोरकस रक्त थेट पातळ भिंतीच्या नीलेत घुसतं आणि कधीतरी ती फुटते. 'रक्तवाहिन्यांचा गुंता' आजीलाही कळेल. रोहिणी-नीला हे विश्वकोशातले शब्द मला प्रिय, पण पत्रकात नकोत. रोहिणी म्हटलं की नक्षत्र आठवेल, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरची रोहिणी.

टाकबोरू
गुंता घेतला! आता रेडिएशनचं सांगा. मसुद्यात सगळीकडे 'किरणोत्सर्ग' आहे.

आडकित्ता
तो पहिला काढा. विश्वकोशात किरणोत्सर्ग म्हणजे युरेनियम-रेडियमसारख्यांचा गुण, रेडिएशनला 'प्रारण' म्हटलंय. वर्तमानपत्रांनी दोन्ही एकाच पोत्यात घातले. 'प्रारण' मात्र लिहू नका. जारणमारणाचा चुलतभाऊ वाटतो.

कोबाल्ट६०
मी या खात्यात फिजिसिस्ट आहे. किरणोत्सर्ग शब्दाचा त्रास आम्हाला रोज होतो. उपचार आटपून माणूस बाहेर आला की नातेवाईक विचारतात, घरी नातवाला जवळ घेतलं तर चालेल ना? अहो, चालेल. किरण बाहेरून आले आणि गेले, अंगात काही उरत नाही. साधं 'किरण' लिहा.

आता 'केंद्रित किरण'बद्दल, कारण मसुद्यात तेही असणारच. केंद्रित म्हटलं की शाळेतलं बहिर्वक्र भिंग आठवतं, ऊन नाभीवर आणून कागद जाळायचा. गॅमा किरण भिंगाने वळत नाहीत. यंत्रात कोबाल्ट-६० चे दोनशेच्या आसपास स्रोत असतात (जुन्या मॉडेलात २०१, नंतरच्यात १९२), प्रत्येकाचा बारीक झोत वेगळ्या दिशेने येतो. एकटा झोत इतका दुबळा की वाटेतल्या मेंदूला फारसं काही होत नाही. सगळे जिथे एकमेकांना छेदतात तिथेच मात्रा चढते, आणि मिलिमीटरभर बाजूला सरकलं की झपाट्याने उतरते. याला मराठीत नेमका शब्द आहे, 'एकवटणे'. 'अनेक बाजूंनी येऊन गाठीवर एकवटणारे किरण' असं लिहा. जागा चुकू नये म्हणून डोक्याला चौकट बसवतात. भूल फक्त कातडीला, चार स्क्रू, पेशंट जागा. हल्ली काही यंत्रांत मुखवट्यावरही भागतं.

जुईली_ठाणे
पण 'किरणशस्त्रक्रिया' का नको? आत्याच्या वेळी फाइलवर हेच होतं.

कोबाल्ट६०
'रेडिओसर्जरी' हे नाव स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी दिलेलं, १९५१ सालचं. स्वतः न्यूरोसर्जन, म्हणून 'सर्जरी' आली. सर्जरीच्या ग्रीक मुळात हात आणि काम आहे, आपल्या शब्दात थेट शस्त्र. त्यामुळे मराठी पेशंट फसतो. त्याला वाटतं आज कापलं, उद्या गाठ नाही. तसं नसतं. गाठ बहुधा वाढायची थांबते, हळूहळू आकसते. रक्तवाहिन्यांचा गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका राहतो. ही ओळ ठळक छापा, शब्द कोणताही घ्या.

जुईली_ठाणे
हे अगदी खरं. आत्याने तिसऱ्या महिन्यात एमआरआय करायला लावला आणि "गाठ तश्शीच आहे, पैसे पाण्यात" म्हणून आठवडाभर कुणाशी बोलली नाही. कानामागची गाठ होती, कॅन्सरची नव्हे. मग 'शेक' का म्हणत नाही आपण? परळला टाटाच्या आसपास सगळे तेच म्हणतात, "आईचे पंचवीस शेक झाले, पाच राहिले."

आडकित्ता
तुमच्या उदाहरणातच उत्तर आहे. शेक रोज थोडा थोडा घ्यायचा असतो, नेहमीच्या रेडिओथेरपीला चपखल. हे काम बहुतेक वेळा एका बैठकीत उरकतं, फार तर पाच. शिवाय शेक म्हटलं की ऊब आली, इथे काहीच जाणवत नाही.

टाकबोरू
मग असं लिहितेय : 'मेंदूतल्या ज्या गाठीपर्यंत किंवा रक्तवाहिन्यांच्या गुंत्यापर्यंत शस्त्रक्रियेने पोचणं धोक्याचं असतं, त्यावर बाहेरून, अनेक बाजूंनी किरण एकवटून केलेला उपचार.' वाक्य लांबलं, पण जावई डॉक्टर टळला. नाव 'एकवट किरणोपचार', खाली रेडिओसर्जरी. आता शेवटचं, गॅमा नाइफ तो, ती की ते? मसुद्यात तिन्ही आहेत.

जुईली_ठाणे
आमच्या घरात 'आत्याचं गॅमा नाइफ झालं'. ऑपरेशन झालं, तसंच.

कोबाल्ट६०
खात्यात आम्ही 'आज तीन गॅमा नाइफ आहेत' म्हणतो. लिंगाचा प्रश्नच येत नाही.